हौदाला कंठ फुटला

१

घाटवाकीच्या बायका सकाळी धुणं घेऊन घाटावर उतरल्या, तेव्हा पाण्यालगतच्या पायरीवर त्यांना पुरुषाच्या चपला दिसल्या. जोडीने, नीट मांडलेल्या. भंडारदरा धरणातून शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलेलं होतं, त्यामुळे प्रवरा चैत्रातही ओढीने वाहत होती. चपला ओळखल्या आणि बनुबाईच्या हातातली साबणाची वडी निसटून पाण्यात गेली.

"अगं बया! ह्या तर अजिनाथच्या!"

अजिनाथ लोंढ्याचं गावात औषधांचं दुकान होतं. दुकान बायको सांभाळी आणि हा सांभाळी गावाचे जुने दगड. चावडीसमोर काळ्या दगडाचा एक मोठा हौद होता, निजामशाहीतला म्हणत. भाजलेल्या मातीच्या नळ्या एकीत एक बसवून जमिनीखालून त्यात पाणी आणलेलं होतं. जुनी माणसं त्याला खापरी नळ म्हणत. दोन पिढ्यांमागे ते पाणी एकाएकी आटलं. हौद कोपला, असं लोक म्हणाले आणि त्यात कचरा टाकू लागले. अजिनाथने गावातली माणसं जमवून तो गाळ उपसला, नळाचं दगडी तोंड मोकळं केलं. हौद, घाट आणि गढीचा बुरूज सरकारच्या संरक्षित यादीत यावेत म्हणून त्याने मंडळ काढलं होतं. पुरातत्त्व खात्याची माणसं लवकरच पाहणीला यायची होती. आणि आता हे.

त्याची मोटरसायकल पुलावर सापडली. मोबाईल लागत नव्हता. तालुक्याहून पोलीस आले, बोट आली, गळ टाकून डोह ढवळून झाले. हाती काही लागलं नाही. "खालच्या बंधाऱ्यात वर येईल," हवालदार म्हणाले आणि निघून गेले.

गावची पोलीस पाटील होती चांगुणा दिघे. परीक्षा देऊन तिने हे पद मिळवलं होतं, तरी लोक अजून अर्ध्या थट्टेनेच तिला पाटलीणबाई म्हणत. चौथ्या दिवशी दुपारी ती जेवायला बसली होती. पहिला घास तोंडात जायच्या आत बनुबाई धापा टाकत दारात आली. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"पाटलीणबाई, चला. हौद बोलायलाय."

२

चांगुणा हौदाशी पोचली तेव्हा बाया लांब चावडीच्या ओट्यावर एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. हौद रिकामा, उन्हाने तापलेला. ती पायऱ्या उतरून आत गेली. नळाच्या दगडी तोंडाची चुना लावून नुकतीच डागडुजी केलेली होती. आतला अंधार मनगट जाईल एवढा.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग त्या भोकातून एक लांबट हुंकार आला. माणूस झोपेत छातीवर दडपण आल्यावर कण्हतो तसा. शब्द कळत नव्हते, पण तो आवाज माणसाचा होता.  चांगुणाला वर पळावं असं वाटत होतं, पण पाय हलेनात.

तेवढ्यात चावडीतला पंखा फिरू लागला. गेलेली लाईट परत आली होती. आवाज बंद झाला.

"तीन दिस समदं गाव नदीवर हुतं, आज हितं ध्यान गेलं. सकाळपासनं असंच चाललंय," बनुबाई वरून ओरडली. "लाईट गेली की बोलतो, आली की गप. भूत उजेडाला भितं म्हनत्यात, ते खोटं न्हाई!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. अजिनाथची आई मुक्ताबाई आली, हौदाच्या काठावर बसली. लाईट गेली, आवाज आला आणि म्हातारीने ऊर बडवून घेतला. "माज्या लेकराचा आवाज हाय ह्यो! माजा अजिनाथ हाय!"

तिच्या म्हणण्याने गाव उलट अधिकच भ्यालं. बुडालेल्याचा जीव पाण्याच्या वाटेने घराकडे येतो, त्याला कुणी ओ दिली तर तो ओ देणाऱ्याला घेऊन जातो, असं कुणीतरी म्हणालं. अंधार पडायच्या आत दारं लागली. म्हातारीला हाताला धरून घरी नेलं ते गोरक्ष निमसेने. तो अजिनाथचा जिवलग मित्र, मंडळाचा सचिव. त्याचेही डोळे रडून सुजले होते.

चांगुणा अजिनाथच्या बायकोकडे गेली. रेश्मा दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

"घरातनं निघाला तवा बरोबर काय हुतं त्याच्या?" चांगुणाने विचारलं.

"पिशवी. बॅटरी आणि गमबूट हुते तीत. गाळात उतरायचं असलं की नेतात ते." रेश्माने डोळे पुसले. "काय म्हनाले म्हायतीये? आज हौदाचं पानी कुठं गेलं ते सापडनार."

"गमबूट घरी न्हाईत?"

"न्हाईत. पिशवीबी न्हाई."

चांगुणा परत निघाली ती वाटेतच थबकली. चपला घालून गेला, गमबूट पिशवीत. म्हणजे कुठेतरी चपला काढून त्याने गमबूट चढवले. मग जीव द्यायला तो गमबुटावर घाटावर आला आणि हातातल्या चपला पायरीवर मांडून ठेवल्या? ह्याला काही अर्थ नव्हता. चपला त्याने मांडल्याच नव्हत्या. दुसऱ्या कुणीतरी आणून मांडल्या होत्या. मोटरसायकलही त्यानेच पुलावर नेली असणार.

भुताचं भय एक असतं. उद्या सकाळी आपल्याला "राम राम" घालणाऱ्यांपैकी कुणीतरी ते केलंय, हे भय निराळं. चांगुणाने त्या रात्री दाराला कडी लावली आणि कडीत खिळाही अडकवला.

३

अजिनाथचं वाकडं कुणाकुणाशी होतं, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

पुंजाराम हारदेचं शेत गावाला लागून होतं. तो कांद्याच्या वाफ्यात उभा होता. "भांडलो हुतो, व्हय," तो म्हणाला. "सरकारनं एकदा पाटी लावली की आपल्याच रानात घर बांधायला परवानगी काढावी लागंल. मग मी काय झाडाखाली राहू? आनि त्यो आमच्या म्हसोबाला धुराडं म्हनला!"

"कुठल्या म्हसोबाला?"

त्याने बांधाकडे बोट केलं. शेंदूर फासलेला, माणसाच्या कमरेएवढा दगडी खांब होता. तसेच खांब पुढे शेजारच्या हनुमंत तुवरच्या रानात आणि त्याच्या पलीकडे, नदीच्या वळणापर्यंत, लांबलांब अंतरावर उभे होते. "अजिनाथ म्हनायचा, नळातली हवा बाहेर जायला ठेवल्यात ही. आमी बापजाद्यापासनं नारळ फोडतोय आनि ह्यो म्हनतो धुराडी!"

हनुमंत तुवर बांधकामाची कंत्राटं घेई. हौद पाडून तिथे सभामंडप उठवायचं काम त्याला मिळायचं होतं, ते अजिनाथमुळे अडकलं होतं. तो आपल्या कोरड्या विहिरीच्या काठावर बसून तंबाखू मळत होता. शिमग्यापासून विहिरीत टिपूस नव्हता.

"माज्यावर संशव घ्या, घ्या की," तो हसला, पण हसू डोळ्यांत नव्हतं. "मी तोंडावर सांगितलं हुतं त्याला, तुजा हौद मी पाडनार. ज्याला लपून काय करायचं असतं त्यो आधी बोलून दाखवतो का? पन खरं सांगू का, पाटलीणबाई? आता मीबी त्या हौदाला हात लावायचो न्हाई. काल त्यो आवाज ऐकला आनि रातभर बायकोचा हात धरून बसलो."

शेवटी गोरक्ष. नदीच्या वळणाशी त्याची डाळिंबाची बाग होती, भर चैत्रात हिरवीगार. विहिरीवरची मोटार घुमत होती. त्याने चांगुणाला खाटेवर बसवलं, चहा ठेवला.

"त्या दिवशी तुला भेटला हुता का अजिनाथ?"

"न्हाई. भेटला असता तर जाऊ दिला असता का, ताई?" त्याने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "मावशीकडं बघवत न्हाई मला. रोज तिथं जाऊन बसती. त्यो आवाज बंद केला पायजे, न्हाईतर म्हातारी त्याच्या मागं जाईल."

चांगुणाला ते पटलं. माणूस दुःखात असं बोलतोच.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढे ग्रामसभा बसली. एरवी वीस माणसं जमायची मारामार, त्या दिवशी ओटा अपुरा पडला. सरपंच माईकवर बोलायला उभे राहिले. काही बायांनी मुद्दाम पाठ हौदाकडे केली होती.

"लाईट हाय तवर बोलून घ्या," कुणीतरी म्हणालं. दबलेलं हसू फुटलं.

गोरक्ष उशिरा आला. हाताला काळं ऑइल लागलेलं. "मोटार जळली," तो म्हणाला, "राहुरीला वाइंडिंग भरायला टाकून आलो," आणि मुक्ताबाईच्या शेजारी जाऊन बसला.

सरपंचांनी घसा साफ केला. "मंडळी, आपल्या गावावर जे..."

हौदातून आवाज आला.

माईक चालू होता. पंखे फिरत होते. तरी आवाज आला, आणि ह्या वेळी त्यात शब्द होता. फाटका, ओढलेला, पण सगळ्यांनी ऐकलेला.

"आऽऽई..."

एकच पळापळ झाली. खुर्च्या उलटल्या, कुणाचं लेकरू खाली पडलं, त्याला तुडवून लोक गेले असते, पण चांगुणाने झडप घालून उचललं. आता उजेडालाही तो भीत नव्हता. आता त्याला अडवणारं काहीच उरलं नव्हतं. लोक देवळाच्या पाराशी पुन्हा गोळा झाले ते थरथरतच.

"बुजवा ते!" एकजण ओरडला. "काँक्रीट वता!"

"हौदच भरून टाका!"

सरपंच मुक्ताबाईकडे बघत होते. तिच्या लेकाच्या आवाजावर तिच्यासमोर काँक्रीट ओतायचं, हे बोलायचं कुणी? गोरक्ष तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "मावशी, त्याचा जीव आडकलाय त्या नळात. पुढं जाता येईना न् मागं फिरता येईना. तोंड बुजवलं तर मोकळा हुईल त्यो. तुमी सांगा. तुमच्याबिगर कुनी हात लावनार न्हाई."

म्हातारी उठली. लटपटत हौदापाशी गेली, काठावर दोन्ही हात टेकले आणि आत वाकून मोठ्याने म्हणाली, "बुजवा. माज्या लेकराला मोकळं करा."

चांगुणा उभी होती. अडवायला तिच्याकडे कारण नव्हतं. नुसती धडधड होती छातीत, आणि धडधड काही कुणाला सांगता येत नाही.

काँक्रीटचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं ठरलं.

५

सकाळी काँक्रीट कालवायचं यंत्र यायच्या आधीच चांगुणा हौदात उतरली. गाव अजून अंग आखडून घरात होतं. फक्त बनुबाई चांगुणाच्या हट्टाखातर काठावर येऊन बसली होती, तोंडाने रामाचं नाव घेत.

लाईट होती. चांगुणाने डोळे मिटले आणि नळाच्या तोंडाला कान लावला. काळजाचे ठोके जरा शांत होऊ दिले.

आवाज नव्हता. पण शांतताही नव्हती. खूप आत, मधमाश्यांचं पोळं गुणगुणावं तशी एक बारीक, सलग घरघर चालू होती.

ती तशीच थांबली. कान बधिर झाला. मग चावडीतला पंखा मंदावला, लाईट गेली, आणि त्याच क्षणी घरघरही थांबली. थोड्या वेळाने तो हुंकार आला. कालच्यापेक्षा कितीतरी क्षीण.

चांगुणा झटक्यात सरळ झाली. डोकं दगडाला आपटलं, त्याचं तिला भान नव्हतं.

"बनुबाई, भूत न्हाई हे! मोटार हाय मोटार!"

"काय?"

"लाईट असली की नळाच्या त्या टोकाला कुनाची तरी मोटार चालती. तिच्या घरघरीत आवाज बुडतो. लाईट गेली की मोटार बंद, मग आवाज इथवर येतो. मेलेल्याचा आवाज मोटारीखाली दबत न्हाई, बनुबाई. जित्या मानसाचा दबतो!"

बनुबाईचा हात तोंडावर गेला. "मंग काल? काल तर लाईट हुती."

"तेच तर!" काल माईक चालू होता, पंखे चालू होते, आणि तरी आवाज आला. म्हणजे काल लाईट असूनही ती एक मोटार बंद होती. हनुमंताची विहीर शिमग्यापासून कोरडी, तिच्यात मोटारच नाही. पुंजारामची मोटार काल चालू होती. सभेहून परतताना चांगुणाने त्याच्या सुनेला कांद्याला पाणी देताना पाहिलं होतं. उरला एकच, काळ्या हातांनी उशिरा आलेला. त्याची मोटार राहुरीला होती. आज ती पुन्हा बसली असणार, म्हणून आज पुन्हा घरघर.

शेंदराच्या खांबांची रांगही त्याच्याच बागेत जाऊन संपत होती.

चांगुणाने हवालदारांना फोन लावला. "येतो, तासाभरात," ते म्हणाले. कण्हणं किती बारीक झालंय ते तिने ऐकलं होतं. तास फार होता.

"बनुबाई, इथनं हालू नको. मी येईपर्यंत एक घमेलं पडू देऊ नको. आडवी पड, पन पडू देऊ नको. आनि काय ऐकू आलं तर पळू नको, समद्यांना बोलीव."

६

बागेत कुणी नव्हतं. लाईट अजून आलेली नव्हती. विहीर गप्प होती आणि डाळिंबांच्या ओळींमधून पाखरूही उडत नव्हतं. चांगुणाला आपल्याच चपलांचा आवाज मोठा वाटला.

शेवटचा खांब विहिरीच्या मागे, निवडुंगाआड होता. इतर खांबांपेक्षा जाड, जवळजवळ कोठीएवढा. त्यावरचा शेंदूर तेलकट चकाकत होता. पुंजारामच्या बांधावरचा शेंदूर उन्हाने विटून विटकरी झाला होता. चांगुणाने बोट लावलं, बोट लाल झालं. खांबाच्या एका बाजूला मोठी शिळा टेकवलेली होती आणि तिच्या फटीतही शेंदूर थापलेला होता. देवाला शेंदूर समोरून लावतात. फटी कुणी बुजवत नाही.

तिने नखांनी फट उकरली, तोंड जवळ नेलं. "अजिनाथ! आरं अजिनाथ!"

खालून, खूप खालून, दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. टक्. मग पुन्हा. टक्.

"ताई, तिथनं उठा."

गोरक्ष मागे उभा होता. त्याच्या हातात पहार होती.

 चांगुणाला पळायला वाट नव्हती. एका बाजूला निवडुंग, दुसरीकडे विहीर. पण तिच्या भ्यालेल्या डोक्यात एक गोष्ट लख्ख होती. आवाज ज्या वाटेने जातो ती वाट तिच्या तोंडाशी होती, आणि मोटार बंद होती. ती उठली नाही. फटीला गाल टेकवून मोठ्याने बोलली.

"गोरक्ष, अजिनाथ तुज्या म्हसोबाखाली जित्ता हाय. तू कोंडलास त्याला."

"वरडू नका."

"कशापायी? भावासारखा हुता ना त्यो तुला?"

 गोरक्ष रागात नव्हता. तो भ्यालेला होता, आणि ते अधिक वाईट होतं. "माज्या आज्यानं नळ फोडला हुता," तो म्हणाला. "गावाचं पानी हितं विहिरीत घेतलं. हौद कोपला, ही आवई आमच्याच घरानं उठवली. अजिनाथ खाली उतरला, त्यानं फुटका नळ बघितला न् खालनं हसून वरडला, गोरख्या, सापडलं रं पानी! त्याला वाटलं मी खूश हुईन." "समद्या गावाला कळलं असतं. बाग गेली असती, तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी मारलं न्हाई त्याला, ताई. मी फकस्त दगड लावला. म्हनलं, सांजच्याला काढतो, इचार करतो. सांजच्याला हिंमत झाली न्हाई. दुसऱ्या दिवशी तर न्हाईच."

"आनि काल त्याच्या आईच्या तोंडनं बुजवा म्हनवून घेतलंस."

 पहार दोन्ही हातांत धरून तो एक पाऊल पुढे आला.

आणि विहिरीतली मोटार सुरू झाली.

लाईट आली होती. घरघर जमिनीतून चांगुणाच्या गालात शिरली. आता ती कितीही ओरडली तरी हौदाशी एक अक्षर पोचणार नव्हतं. किती पोचलं होतं? मुळात काही पोचलं होतं का? तिने शिळेला मिठी मारली. ती इथून हलली तर ही शिळा पुन्हा कधी हलणार नाही, एवढंच तिला कळत होतं.

"सरका, ताई."

"न्हाई सरकत."

पहार वर गेली. तिने डोळे मिटले.

घाव बसला नाही. ट्रॅक्टरचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा ट्रॅक्टर डाळिंबाच्या ओळी तुडवत येत होता. हनुमंत चालवत होता, मागच्या ट्रॉलीत माणसं उभी होती आणि सगळ्यांत पुढे, पदर खोचून, बनुबाई. "आमी ऐकलं समदं!" ती ओरडत होती. "हौदातनं ऐकलं!" गोरक्षच्या हातातली पहार आपोआप खाली आली आणि तो तिथेच मटकन बसला. त्याला धरायलाही कुणाला जोर लावावा लागला नाही.

त्याच पहारीने पुंजाराम आणि हनुमंतने शिळा सारली. कुबट, गार हवा वर आली. मोटार बंद करून दोघं दोराने खाली उतरले.

"हाय! धुगधुगी हाय!" हनुमंताची हाक आली.

७

दवाखान्यात अजिनाथ दोन दिवस नुसता झोपून होता. फुटक्या नळातून झिरपणाऱ्या पाण्याने त्याला जगवलं, असं डॉक्टर म्हणाले. पाहणीला येणाऱ्या माणसांनी तारीख पुढे ढकलली होती. पाहणी रद्द केली नव्हती, एवढं पुष्कळ होतं. गोरक्ष कोठडीत होता.

तिसऱ्या दिवशी चांगुणा जबाब घ्यायला गेली. मुक्ताबाई लेकाला चमच्याने पेज भरवत होती. एकेक चमचा फुंकून, ओठांशी थांबून. चांगुणाला बघून ती प्यायच्या पाण्याचं भांडं भरायला बाहेर गेली. गेल्या दोन दिवसांत ती पहिल्यांदाच खाटेपासून हलली होती, असं परिचारिका म्हणाली.

अजिनाथने सगळं सांगितलं. कसा उतरला, शिळा कशी सरकली, उजेड कसा चिरीएवढा होत होत संपला. सांगताना त्याचा हात चादर घट्ट धरत होता.

"आनि तुजा आवाज आमाला येत हुता," चांगुणा म्हणाली. "आमीच येडे. भूत समजलो."

"मलाबी येत हुता," तो म्हणाला.

"काय येत हुता?"

"तुमचा. मोटार बंद असली की हौदाशी बोललेलं समदं खाली यायचं. माईक तर लई साफ आला. मी आई म्हनून वरडलो. मंग पळापळ ऐकली." दाराकडे बघून त्याने आवाज उतरवला. "मंग काठाशी वाकून कोन बोललं तेबी ऐकलं."

चांगुणाच्या हातातलं पेन थांबलं.

बाहेर नळाखाली भांडं वाजत होतं. अजिनाथने तिचं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, तरी त्याने धरून ठेवलं.

"हे लिवू नका, ताई," तो म्हणाला. "म्या ऐकलं, हे आईला कधी कळू देऊ नका."

दारात पावलं वाजली. त्याने हात सोडला, मान कलती केली आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.